चौकट

मी चिमठाण्याचा गवंडी. धर्माशी माझं देणंघेणं नाही.
विटांचा दर ठरला, मजुरीचा ठरला,
मग येशूदास गावित पास्टर नवापुराहून आले,
मोटारसायकलच्या मागे बांधलेला एक ओळंबा घेऊन.
म्हणाले, माझ्या बापाचा आहे.
मी माझाच वापरला. दुसऱ्याचा ओळंबा
हाताला खोटा लागतो.

बुराईच्या काठाला पारध्यांची वस्ती.
नदीचं नाव ऐकून पास्टर इतके हसले
की खोकला लागला.
म्हणाले, बरं झालं,
कुठून सुरुवात करायची ते आधीच लिहून ठेवलंय.

बावीस घरं. अकरा वरल्या ओळीत, अकरा खालच्या.
मधे दोन बाभळी
आणि कुणीच न झाडलेली जमीन.
भांडण एका शेळीचं.
सोयरीक मोडली तेव्हा शेळी परत गेली,
पण गाभण परत गेली,
आणि पोटातली दोन करडं कुणाची
हे बारा वर्षांत ठरलं नाही.
करडं केव्हाच विकली, त्यांची नातवंडंही विकली.
वाद तेवढा दावणीला राहिला.

चर्चची जागा अर्थात मधली.
पाया खणताना वरल्यांनी उत्तरेकडून खणलं,
खालच्यांनी दक्षिणेकडून.
हातभर माती उरली
ती पास्टरांनी आणि मी काढली.

विटा कमरेला आल्या तेव्हा
झिपऱ्या भोसलेनं विचारलं, "दार कोना बाजूले?"
माझी थापी हवेतच राहिली.
मी म्हटलं, दोन काढू. माझं काय जातं, विटा वाचतील.
पास्टर म्हणाले, दोन दारांनी दोन चर्च होतात.
शेवटी पूर्वेला काढलं, नदीकडे. कुणाच्याच बाजूला नाही.

दार झालं. पत्रे चढले.
आता आधी कोण शिरणार?

तीन रविवार पास्टर आत एकटेच गायले.
मी भिंतींवर पाणी मारत होतो,
ऐकणारा म्हणून मोजायचं तर एक.

पौषातली रात्र. पाणी हात लावू देत नव्हतं.
खालच्या ओळीत जिलेबीबाईच्या सुनेचे दिवस भरलेले,
पोर आडवं आलेलं,
आणि सुईण रेशमाबाई वरल्या ओळीची.
दारातून गेली तर वरल्यांनी आधी मान टाकली असं होतं.
मोकळी जमीन ओलांडली तरी तेच.
मी चर्चमध्ये सिमेंटच्या गोण्यांवर निजलो होतो,
म्हणून पाहिलं:
सत्तरीची म्हातारी, लुगडं खोचून,
उत्तरेच्या बिनचौकटीच्या खिडकीतून आत उतरली,
माझ्या पायावर पाय देऊन गेली,
आणि दक्षिणेच्या खिडकीतून बाहेर.
एक शब्द नाही. फक्त "हूं", उडी मारताना.

पहाटे तशीच परत आली.
हाताला तेलाचा वास,
पदरात बांधलेला गूळ. खालच्यांचा.
मलाही एक खडा दिला.

मुलगी झाली. नाव ठेवलं खिडकी.
हसू नका. वस्तीत एकाचं नाव कलेक्टर आहे,
तो शेळ्या चारतो.

मग कोरड्यासाची वाटी गेली,
वाटी परत आली, रिकामी नाही आली.
पोरं तर दिवसभर इकडून तिकडे,
माझं ओलं प्लॅस्टर गुडघ्यांनी खरवडत.
चौथ्या रविवारी पास्टर आले तर
आत एकोणीस माणसं
आणि दारापुढची धूळ जशीच्या तशी.
ते उंबऱ्याशी बराच वेळ उभे राहिले.
मग वळसा घालून खिडकीकडे गेले.
पँट उसवली.
त्या दिवशी काय सांगितलं ते मला आठवत नाही,
उसवण आठवते.

भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही.
करडांचा हिशोब अजून निघतो,
सणावारी तर हमखास.

खिडक्यांच्या दोन चौकटी, सागाच्या,
पैसे दिलेल्या,
माझ्या अंगणात पडून आहेत.
बसवू का, म्हणून दोनदा निरोप पाठवला.
पास्टर म्हणतात, राहू द्या.
एकीवर वालाचा वेल गेलाय.
बायको विचारते, हे कुणाचं लाकूड?
मी म्हणतो, पारध्यांचं.
कोणत्या ओळीचं, ते विचारू नको.